सरांची ओळ

योगेंद्र सरांनी आजवर पाच ट्रायथलॉनमध्ये भाग घेतला होता आणि एकही पुरी केली नव्हती. नेमक्या त्याच कारणासाठी शहाद्यापासून धडगावपर्यंत त्यांना मान होता. पाचही पुऱ्या केल्या असत्या तर इतका मिळाला नसता.

ट्रायथलॉन म्हणजे काय हे सरांना ज्याला त्याला समजावून सांगावं लागे. आधी पोहायचं, मग तशाच ओल्या अंगानं सायकल मारायची, मग सायकल ठेवून धावायचं. हे सगळं एका दमात आणि ठरलेल्या मुदतीत. ऐकणारा विचारायचा, पोलीस भरतीचं आहे का? सर नाही म्हणायचे. मग ऐकणाऱ्याचा रस संपायचा.

सर धडगावच्या एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक. घर म्हसावदला, घरी पपई आणि ऊस. सोमवारी पहाटेच्या जीपनं घाट चढायचा आणि शनिवारी उतरायचा, असा वर्षानुवर्षांचा क्रम. पाड्यापाड्यांवरून आलेली पोरं चढावर पळताना धापा टाकत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि नर्मदाकाठच्या पोरांना पाण्याची भीती म्हणजे काय हेच ठाऊक नाही हेही. राहिली सायकल. ती त्यांनी शिकवली. त्यातून शाळा संपलेल्या आणि संपत आलेल्या पोरांचा एक गट उभा राहिला आणि तो जिल्ह्याबाहेर जाऊन बक्षिसं आणू लागला. प्रत्येक शर्यतीत सर पोरांबरोबर स्वतःचंही नाव घालायचे. शिकवणाऱ्यानं स्वतः करून दाखवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. दाखवणं मात्र दरवेळी अर्ध्यावर राहायचं.

पहिल्या शर्यतीत एका पोराच्या सायकलचं चाक वाकलं, तर सरांनी स्वतःचं चाक काढून त्याला दिलं. तसं देणं नियमात बसत नाही, म्हणून दोघंही बाद झाले. पण भावना मोठी होती. दुसऱ्या वेळी एका पोरीच्या पायात गोळे आले, सर तिच्याजवळ बसून राहिले. तिसऱ्या वेळी एक पोरगा वळणावर चुकला. सर त्याला शोधत गेले तेव्हा तो मावशीच्या घरी चहा पीत बसला होता. पुढच्या दोन वेळाही असंच काहीबाही झालं. मग एका पेपरात फोटोसह बातमी आली, ‘शिष्यांसाठी स्वतःची शर्यत सोडणारा गुरू’. शाळेनं ती फ्रेम करून हेडसरांच्या खोलीत लावली.

ही फ्रेम बघून एकच माणूस हसला नव्हता आणि रडलाही नव्हता, ती म्हणजे सरांची बायको चेतना. ती म्हसावदच्या शाळेत गणित शिकवते. एका शनिवारी सरांना जेवायला वाढता वाढता ती घरच्या अहिराणीत, सहज बोलावं तशी बोलली.

“एक इचारू का? हाऊ त्याग तुमले पोहताना याद येस नही, सायकलवर येस नही. धावानी येळ उनी का मंगच कसा येस?”

सरांनी पुढचा घास घेतला नाही. पाचही प्रसंग त्यांनी मनातल्या मनात तपासले. चाक वाकलं ते सायकल संपता संपता. गोळे आले ते धावण्याच्या सुरुवातीला. चुकलेला पोरगाही तेव्हाच चुकला होता. योगायोग म्हणावा तर पाच वेळा एकाच जागी आलेला. सर दोन दिवस चेतनाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सहाव्या शर्यतीत नाव घातलं.

ही शर्यत घरच्या अंगणातली होती. काही हौशी मंडळींनी जमून प्रकाशाला तापीच्या अडवलेल्या पाण्यावर ती भरवली होती. मुदत साडेचार तासांची. सरांनी पोरांना मैदानावर गोळा केलं आणि सांगितलं, “त्या दिवशी मी तुमचा कोच नाही. पंक्चर झालं, स्वतः काढा. गोळा आला, स्वतः चोळा. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. मला ही शर्यत पुरी करायची आहे, एवढंच.”

पोरांनी माना डोलावल्या. त्यातली रिना वसावे सर्वांत पुढची. मणिबेलीच्या बाजूची, जिथं शाळेलाही होडीनं जावं लागतं आणि बाजारालाही. ती कमी बोलायची आणि सांगितलेलं तंतोतंत करायची. इंद्रसिंग पावरा धडगावजवळच्या पाड्यावरचा. तो जास्त बोलायचा, पण करायचा तोही. सरांनी दिवाळीपासून या पोरांना पंक्चर काढायला शिकवलं, चेन बसवायला शिकवलं, पाणी कधी प्यायचं आणि मीठ कधी चाटायचं ते शिकवलं. इतकं मन लावून शिकवलं की स्वतः धावायला त्यांना वेळच मिळाला नाही. धावायचा दिवस आला की नेमकं कोणाला तरी काहीतरी शिकवायचं राहिलेलं असायचं.

शर्यतीच्या सकाळी तापीवर धुकं होतं आणि थंडी अशी की पंचही शिट्टी खिशातून काढायला तयार नव्हते. बघायला आसपासच्या गावांतले लोक आले होते. सरांचे वडील लोटन आप्पा मफलर गुंडाळून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळी तयारी नीट बघून घेतली आणि सुनेला विचारलं, “यासले कोठे जावानं शे?”

“कोठेच नही, आप्पा. फिरीसन अठेच येवानं शे.”

“मंग अठेच बठाले काय व्हस?” आप्पा म्हणाले. खरं सांगायचं तर याचं उत्तर आयोजकांकडेही नसावं.

शिट्टी वाजली. सर पाण्यात उतरले. पोहणं त्यांचं बरं होतं, मधल्या घोळक्यातून ते बाहेर पडले. बाहेर येताच सवयीनं त्यांची नजर सायकलींच्या रांगेकडे गेली. आपल्या पोरांपैकी कोणी थंडीनं आखडून बसलंय का, कोणाचं हेल्मेट हरवलंय का. पोरांच्या सगळ्या सायकली केव्हाच गेल्या होत्या. सरांना अभिमान वाटला. त्याखाली आणखी काहीतरी वाटलं, ते त्यांनी तपासलं नाही.

सायकलवर उसाच्या ट्रॉल्या चुकवत आणि पपईच्या बागा मागे टाकत सर बऱ्यापैकी चालले होते. अर्ध्या वाटेवर एक स्पर्धक सायकल उलटी करून बसलेला दिसला. सरांचा हात आपोआप ब्रेकवर गेला.

“पंक्चर का? थांबा, मी आलोच.”

“नको नको, झालंच,” तो म्हणाला. तो सुरतेचा कोणी डॉक्टर होता, आणि त्याच्याजवळ सरांपेक्षा चांगला पंप होता. “तुम्ही निघा, तुमचा वेळ जाईल.”

सर निघाले. पुढं शहाद्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला चक्क इंद्रसिंग उभा. सरांच्या छातीत धडधडलं आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, ती धडधड काळजीची नव्हती. ती सुटीची घंटा ऐकलेल्या पोराची होती. त्यांनी सायकल जवळ नेली.

“काय झालं रे? चेन का? गुडघा?”

“बुटात खडा गेला, सर,” इंद्रसिंग म्हणाला. त्यानं बूट झटकला, घातला आणि सायकलवर टांग टाकली. “तुम्ही जा सर. आज तुम्ही कोच नाही ना.” आणि सर पायडलवर पाय ठेवतात तोवर तो दिसेनासाही झाला.

अशा रीतीनं योगेंद्र सर सहाव्या प्रयत्नात पहिल्यांदाच एकटे, धडधाकट आणि कोणाच्याही उपयोगाचे नसलेले असे धावण्याच्या टप्प्यावर येऊन पोहोचले. त्यांनी सायकल जागेवर लावली, बूट बदलले, आणि बूट बदलायला लागू शकतो तितका सगळा वेळ घेतला.

दहा किलोमीटर धावायचं होतं. नदीकडून एका रस्त्यानं जायचं, टोकाच्या खांबाला वळसा घालून त्याच रस्त्यानं परत यायचं. पहिला किलोमीटर सर धावले. दुसरा धावल्यासारखे गेले. तिसऱ्यात त्यांच्या मांड्या दगडी झाल्या, कुशीत कळ आली आणि ऊन वर चढलं. त्यांना भीती वाटली. पन्नाशीला आलेला माणूस, घाटातली जीप एका चाकावर वळताना न घाबरणारा, त्या मोकळ्या डांबरी रस्त्यावर नुसत्या उरलेल्या अंतराला घाबरला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणी लंगडत नव्हतं. कोणी रडत नव्हतं. कोणाची मावशी या रस्त्यावर राहत नव्हती. चेतना म्हणाली ते खरं होतं, आणि ते इतकं साधं होतं की त्याचा राग येण्यासारखंही काही नव्हतं.

समोरून रिना परत येत होती. बायकांमध्ये ती पहिली होती आणि पुरुषांतलेही मोजकेच तिच्यापुढे होते. सर हात वर करणार तोच ती नजर समोर ठेवून शेजारून निघून गेली. तिला तसंच सांगितलेलं होतं. सरांना ते लागलं. आपणच सांगितलेलं एखाद्यानं इतकं ऐकावं याचं त्यांना वाईट वाटलं.

टोकाच्या खांबाशी पाणी देणाऱ्या माणसानं विचारलं, “सर, गाडी बोलावू का? बरेच जण बसले.” सर नको म्हणाले, ते मुख्यतः गाडीत बसायला पाय उचलावा लागेल म्हणून. पाणी पिऊन ते परत निघाले. थोडं पळायचं, जास्त चालायचं, असं करत निम्मी वाट सरली. घड्याळ बघितलं तर अजून जमण्यासारखं होतं. फार नाही, पण होतं.

आणि तेवढ्यात समोरून पोरं येताना दिसली. पुढं रिना, गळ्यात मेडल. मागं इंद्रसिंग आणि गटातली बाकीची, सगळ्यांच्या गळ्यात मेडलं. शर्यत संपवून ती उलटी येत होती.

“काय झालं? कोणाला लागलं?” सरांनी विचारलं. आवाजातली आशा त्यांना स्वतःलाच ऐकू आली.

“कोणाला नाही, सर,” रिना म्हणाली. सगळी पोरं वळली आणि सरांच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागली. “तुमची ओळ राहिली म्हणून आलो.”

पोरांच्या गावाकडे लाह असते. एखाद्याच्या शेतात निंदणी निघाली की सगळा पाडा जातो, पैशाचं बोलणं नाही. प्रत्येकजण एकेक ओळ धरतो. ज्याची ओळ आधी संपते तो बांधावर जाऊन बसत नाही. तो मागं राहिलेल्याच्या ओळीत समोरून शिरतो, मग दोघं मध्ये कुठंतरी भेटतात. ह्यात कोणी कोणावर उपकार करत नाही आणि कोणी कोणाला शाबासकीही देत नाही. पोरांची स्वतःची ओळ संपली, मागं वळून बघितलं तर सर राहिलेले. मग आली. सरांनी त्यांना ट्रायथलॉनचे सगळे नियम शिकवले होते, पण ते शर्यत चालू असतानाचे. आपली संपल्यावर काय करायचं नाही, हे शिकवायचं सरांना सुचलं नव्हतं.

मागून मोटरसायकल आली. तीवर नवनीत होता, धुळ्याहून आलेला पंच, वयानं कोवळा आणि नियमानं कडक.

“सर, ही बाहेरची मदत होते,” तो म्हणाला. “शर्यत संपलेल्या खेळाडूंनी सोबत चालायचं नाही. तुम्हाला सांगायला नको.”

“आम्ही मदत नाही करत, साहेब,” इंद्रसिंग म्हणाला. “नुसतं चालतोय.”

“नुसतं चालणं पण चालत नाही. मी पुढच्या वळणावर थांबतो. तिथं पोरं सोबत दिसली तर सरांना बाद करावं लागेल.” आणि तो पुढं गेला.

सरांनी वळणाकडे पाहिलं. वळण जवळच होतं. आणि मग त्यांना कळलं की आपल्यापुढं काय चालून आलंय. आजवरच्या पाच कारणांपेक्षा हे सहावं कारण कितीतरी सरस होतं. शिष्यांनी प्रेमानं घेरलं म्हणून गुरू बाद. ह्यात त्यांचा दोष नव्हता, पोरांचा नव्हता, नवनीतचाही नव्हता. फोटो तर असा आला असता की हेडसरांना मोठी फ्रेम आणावी लागली असती. करायचं काहीच नव्हतं. तोंड मिटून वळणापर्यंत चालत राहायचं, की सुटका. पाय तिथंच थांबवता आले असते.

सर ती काही पावलं तशीच चालले. हेही सांगितलं पाहिजे, कारण ते चालले.

मग ते म्हणाले, “रिना, पोरांना घेऊन जा.”

“त्या साहेबांना आम्ही समजावतो, सर.”

“साहेबांचं नाही. तुम्ही जवळ असलात की मी थांबतो.”

रिनानं त्यांच्याकडे पाहिलं. ह्या वाक्यात काय काय होतं ते तिला किती कळलं, सांगता येत नाही. पण पाण्यात दमलेल्या माणसाचा चेहरा ती लहानपणापासून ओळखत होती, आणि अशा माणसाच्या फार जवळ जायचं नसतं हेही. तिनं पावरी बोलीत पोरांना काहीतरी एक शब्द सांगितला. सगळी पोरं एकदम पळत सुटली, शर्यत नुकतीच सुरू व्हावी तशी. थोड्याच वेळात रस्ता रिकामा झाला.

वळणावर नवनीतनं मान हलवली. सर एकटे त्याच्यासमोरून गेले. त्यानंतरच्या वाटेबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ते पळाले, चालले, पुन्हा पळाले. एकदा उसाच्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईनं त्यांना विचारलं, दवाखान्यात जायचंय का. एकदा ते मोठ्यानं रडले, आणि रडताना श्वास जास्त लागतो म्हणून रडणं बंद केलं. थांबले नाहीत.

शेवटच्या रेषेवरची हवेची कमान सोडून ठेवली होती. ती जमिनीवर पसरली होती, एक माणूस तिच्यावर लोळून उरलेली हवा काढत होता. मुदत संपून सात-आठ मिनिटं झाली होती. सर कमानीवरून नीट पाय टाकून पलीकडे गेले.

नवनीत तिथंच उभा होता. मघाचा कडकपणा त्याच्या तोंडावर नव्हता. “सर, थोडक्यात गेलं,” तो म्हणाला. “पोरांना परत पाठवण्यात तुमचा वेळ गेला, मी पाहिलंय. निकालात शेरा टाकतो ना, खेळाडूंना मार्गदर्शन करताना उशीर. तुमचं नाव आहे, बरं दिसेल.”

सरांनी हातानंच नको अशी खूण केली.

“त्यात मिनिटसुद्धा गेलं नाही. मला धावता येत नाही. तसं लिहा.”

“असा रकाना नाही, सर.”

“मग काहीच लिहू नका.”

चेतना मागं उभी होती, हातात पाण्याची बाटली. ‘धावता येत नाही’ हे वाक्य ऐकण्याची तिनं किती वर्षं वाट पाहिली होती कोण जाणे, पण ऐकल्यावर तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिला नवऱ्याची माया आली, भर दुपारी, चारचौघांत. तिनं बाटली पुढं केली.

“कोनाकरता थांबनात?” तिनं विचारलं. सवयीनंच विचारलं.

“कोनाकरताच नही.”

“बरं,” चेतना म्हणाली. “चाला आते. पोरे भुक्या शेतस.”

मांडवात सगळ्यांची जेवणं उरकली होती, आचारी भांडी आवरत होता. पोरं मात्र एका कडेला बसून होती. समोर ताटं वाढलेली, भाजीवर तेल गोठलेलं, आणि एकानंही हात लावलेला नव्हता. लोटन आप्पा त्यांच्यात खुर्ची टाकून बसले होते. आप्पांचं ताट मात्र रिकामं होतं.

“जेवला का नाहीत?” सर म्हणाले.

“सगळ्या ओळी झाल्याशिवाय कोण जेवतं, सर?” इंद्रसिंग म्हणाला.

“मी मुदतीत नाही आलो.”

“मुदत त्या साहेबांची,” रिना म्हणाली. “ओळ झाली ना?”

सर हो म्हणाले. तोवर पोरांनी भाकरी मोडलीही होती. सर खाली बसू लागले तर गुडघे वाकेनात. इंद्रसिंगनं आणि चेतनानं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना बसवलं आणि ताट पुढं सरकवलं. सगळे खरोखरच भुकेले होते, ताटं बघता बघता रिकामी झाली.

मग रिनानं पाणी पिऊन तोंड पुसलं. “सर, तुम्ही टाच आपटता,” ती म्हणाली. “आणि खांदे वर घेता, म्हणून दम लागतो. मंगळवारपासून आमच्याबरोबर घाटात पळायला या.”

मैदानावर हे वाक्य पोरांना सांगायचं काम आजवर सरांचं होतं. त्यांनी ताटातून मान वर केली.

“किती वाजता येऊ?” त्यांनी विचारलं.

“उजाडायच्या आधी,” रिना म्हणाली. “आणि मागं पडलात तरी मी थांबणार नाही.”